पेशंटच्या अंगावर सापडलेला किडा लॅबला कसा पाठवायचा: गोचीड, उवा, अळ्या, माइट, सगळं

वॉर्डातून फोन येतो, "मॅडम, पेशंटच्या कानातून किडा निघालाय, पाठवू का?" मी म्हणते पाठवा, पण कशात पाठवताय? तिथे जरा शांतता होते आणि मग कळतं की किडा आधीच सेलोटेपला चिकटवून केसपेपरवर लावलाय, किंवा फॉर्मलिनच्या डबीत टाकलाय, कारण बायोप्सी त्यातच जाते ना. टेपवरून सोडवताना गोचिडीचे पाय आणि तोंड टेपलाच राहतात, फॉर्मलिनमधला किडा कडक होतो आणि पुढे डीएनए टेस्ट करायची म्हटली तर होत नाही. मायक्रोस्कोप कितीही भारी असला तरी पायच नसलेल्या किड्याचं काय ओळखणार.

हे लिहितेय ते नर्स, इंटर्न, पीएचसीचे डॉक्टर आणि छोट्या लॅबमधल्या टेक्निशियन लोकांसाठी, पण घरच्या घरी मुलाच्या डोक्यातली ऊ किंवा कुत्र्याकडून अंगावर आलेली गोचीड घेऊन डॉक्टरकडे जाणाऱ्यांनाही चालेल. माझं म्हणणं एकच आहे, ओळख पटवायचं निम्मं काम लॅबमध्ये नाही तर किडा काढल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत होतं, म्हणजे तो अख्खा राहिला का आणि त्याच्यासोबत त्याची माहिती आली का.

सगळ्यात आधी एक गोष्ट

किड्याच्या रिपोर्टसाठी ट्रीटमेंट थांबवायची नाही. गोचीड चावल्यावर ताप आला तर ब्लड घ्या, पेशंट बघा, किडा मागाहून जाईल. स्क्रब टायफसमध्ये तर हे फारच महत्त्वाचं, कारण हा ताप पसरवणारा चिगर म्हणजे माइटचं, म्हणजे गोचिडीच्या नात्यातल्या बारीक जिवाचं, पिल्लू, सहा पायांचं, जेमतेम दिसेल न दिसेल एवढं, आणि पेशंटला ताप येईपर्यंत ते बहुतेक वेळा अंगावरून गळून गेलेलं असतं. 2018 साली नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती, तेव्हापासून लोक "माइट शोधा" म्हणतात, पण तिथे माइट शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा अंगावर तो चावलेल्या जागी काळी खपली असलेला डाग शोधा, काखेत, जांघेत, स्तनाखाली, कपड्याच्या घट्ट पट्ट्याखाली. तो सापडला तर त्याची खपली किंवा स्वॅब आणि रक्त लॅबला द्या, आणि डॉक्सीसायक्लिन द्यायचं की नाही हे डॉक्टर लक्षणांवरून ठरवतीलच, रिपोर्टची वाट बघत बसणार नाहीत.

काय काय हातासरशी ठेवायचं

फार काही लागत नाही. बारीक टोकाचा चिमटा, फिरकीच्या झाकणाच्या छोट्या प्लास्टिकच्या डब्या (नवीन, कोरड्या), 70 ते 80 टक्के अल्कोहोल, पेन्सिल, जाडसर कागद, ग्लोव्हज. एक मऊ बारीक पेंटिंगचा ब्रश असेल तर उत्तम, शाळेच्या स्टेशनरीच्या दुकानातला झिरो नंबरचा चालतो.

अल्कोहोलचं गणित सोपं आहे. 95 टक्क्यांचं इथेनॉल असेल तर 74 मिली घ्यायचं आणि डिस्टिल्ड वॉटर टाकून 100 मिली करायचं, झालं 70 टक्के. इथेनॉल मिळत नसेल, आणि छोट्या ठिकाणी ते मिळवायला कागदपत्रांचा त्रास असतो हे माहीत आहे, तर 70 टक्के आयसोप्रोपिल चालतं. सॅनिटायझर पाण्यासारखा पातळ असेल तर अडीअडचणीला चालेल, जेलवाला नको, त्यात किडा चिकट गोळा होऊन बसतो. दारू नको. कुणीतरी विचारतंच म्हणून सांगते, व्हिस्कीत अल्कोहोल चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास असतं, त्यात किडा सडतो.

नुसत्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवून पाठवायचं तर अजिबात नाही. एका दिवसात फुगतो आणि वास मारायला लागतो, आणि मग लॅबवाले शिव्या देतात, म्हणजे मीच देते.

गोचीड काढायची आणि पाठवायची पद्धत

हा भाग नीट वाचा, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त वाट इथेच लागते. गोचिडीवर रॉकेल ओतणं, चुना लावणं, पेटती काडी टेकवणं, तंबाखू चोळणं, हे सगळं लोक करून येतात. गोचीड त्याने सुटेलच असं नाही, पेशंटची कातडी मात्र भाजते, आणि चवताळलेली गोचीड पोटातलं परत जखमेत सोडू शकते.

ग्लोव्हज घाला. चिमट्याने गोचीड कातडीच्या अगदी जवळ पकडा, म्हणजे तिचं पोट नाही, तोंडाचा भाग. पोट दाबायचं नाही. मग सरळ वर, एकसारख्या जोराने ओढा, झटका नको, पिळायचं नाही. थोडा वेळ लागतो, कातडी जरा वर उचलल्यासारखी होते आणि मग सुटते. तोंडाचा तुकडा आत राहिला तर सुईने उकरून जखम मोठी करू नका, डॉक्टरला दाखवा, बऱ्याचदा कातडी स्वतःच तो बाहेर टाकते. जागा साबणपाण्याने धुवा, स्पिरिट लावा.

गोचीड लगेच अल्कोहोलच्या डबीत. नखांनी चिरडायची नाही, हे मी दहा वेळा सांगायला तयार आहे. गावात लोक गुरांच्या गोचिडी नखांनी फोडतात, पण क्रिमियन काँगो तापाचा विषाणू गोचिडीच्या रक्तातून हातावरच्या छोट्याशा चिरेतून आत जाऊ शकतो. 2011 मध्ये गुजरातमध्ये अहमदाबादजवळ हा आजार भारतात पहिल्यांदा ठळकपणे समोर आला तेव्हा पेशंटवर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्स दोघंही गेले. ते पेशंटच्या रक्ताच्या संपर्कातून झालं, गोचिडीतून नाही, पण ग्लोव्हज का घालायचे याचं उत्तर त्यात आहे. गुरं पाळणारे, खाटीक, दूध काढणारे अशा माणसाला ताप, अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त असेल तर किडा-बिडा बाजूला ठेवा, आधी वरच्यांना कळवा.

दुसरी गोष्ट कोकण आणि गोव्याच्या मंडळींसाठी. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणजे आपला माकडताप, 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला आणि पुढे गोव्यात सत्तरी तालुक्यात 2015 मध्ये, सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात 2016 मध्ये केसेस आल्या. काजूच्या बागेत, जंगलात लाकूड-पाला आणायला जाणाऱ्यांना तो होतो, साधारण हिवाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. तो पसरवणारी मुख्य गोचीड हिमाफायसालिस स्पिनिजेरा, आणि माणसाला बहुतेक वेळा तिचं मधलं पिल्लू, निम्फ, चावतं, तिळाएवढं किंवा त्याहून लहान. त्यामुळे "गोचीड तर दिसलीच नाही" म्हणणारा पेशंट खोटं बोलत नसतो. निदान मात्र रक्तावर होतं, गोचिडीवर नाही. गोचीड पाठवायची ती त्या भागात कुठली जात फिरतेय हे कळावं म्हणून. आणि आसपास माकडं मरून पडली असतील तर ते कागदावर नक्की लिहा, स्वतः जाऊन माकडाला हात लावू नका.

गोचिडीचा स्टेज लॅबला महत्त्वाचा असतो. अगदी लहान पिल्लाला सहा पाय, निम्फ आणि मोठीला आठ. रक्त पिऊन टम्म फुगलेली असेल तर ओळखणं कठीण जातं, कारण पाठीवरची खूण ताणली जाते, तरी पाठवा, फुगण्यावरून ती अंगावर कितीक दिवस होती याचा अंदाज येतो. एकापेक्षा जास्त सापडल्या तर सगळ्या द्या. पेशंटला सांगून ठेवा, पुढचे दोन-तीन आठवडे ताप आला तर गोचीड चावल्याचं डॉक्टरला आधी सांगायचं.

कानात गेलेली गोचीड हा ईएनटीचा विषय आहे, घरी पाणी मारून, काडी घालून काढू नका, पडदा जाईल. ईएनटीवाल्यांना एवढंच सांगणं की काढल्यावर सक्शनच्या बाटलीत घालवू नका, आमच्यासाठी ठेवा.

उवा, लिखा आणि "हे काय आहे" वाले केस

डोक्यातली ऊ दोन-तीन मिलिमीटर असते, पकडणं सोपं, ओल्या केसांतून बारीक दातांची फणी फिरवायची आणि पांढऱ्या कागदावर झटकायची. तिला ब्रशने किंवा चिमट्याने उचला आणि अल्कोहोलमध्ये टाका. लीख असेल तर ओढून काढू नका, तो केसच कापा, लिखेसकट, मुळाजवळून. का, तर लीख मुळापासून किती अंतरावर चिकटलीय यावरून ती ताजी की जुनी हे कळतं. मुळापासून सहा-सात मिलिमीटरच्या आत असेल तर जिवंत असण्याची शक्यता जास्त, पार टोकाकडे गेलेली बहुतेक रिकामी टरफलं. कोंडा आणि केसाभोवतीची पांढरी नळी हाताने सहज सरकते, लीख सरकत नाही, एवढी टेस्ट तर घरीही होते.

आता माझ्या मुद्द्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. डोक्यातली ऊ आणि अंगावरच्या कपड्यांतली ऊ मायक्रोस्कोपखाली जवळपास सारख्याच दिसतात, नुसत्या किड्यावरून ठामपणे सांगणं अवघड. पण दोघींचा अर्थ वेगळा. कपड्यांच्या शिवणीत राहणारी ऊ टायफस, रिलॅप्सिंग ताप, ट्रेंच ताप पसरवू शकते, डोक्यातली तशी पसरवत नाही. म्हणजे रिपोर्ट चांगला यायला हवा असेल तर एकच ओळ पुरे, "शर्टाच्या शिवणीतून काढली" किंवा "टाळूवरून काढली". ती ओळ नसेल तर आम्ही लिहितो पेडिक्युलस ह्युमॅनस, म्हणजे दोघींचं सामाईक शास्त्रीय नाव, आणि थांबतो. रस्त्यावर राहणाऱ्या किंवा खूप दिवस कपडे न बदललेल्या पेशंटचे कपडे टाकून देण्याआधी शिवणी बघा.

तिसरी ऊ, जांघेतली. रुंद, खेकड्यासारखी, एक-दोन मिलिमीटर. ती कधीकधी पापण्यांत सापडते, लहान मुलाच्या पापणीत सापडली तर ते डॉक्टरच्या कानावर घालायचं, शांतपणे, कारण ती मोठ्या माणसाच्या अगदी जवळच्या संपर्कातून येते, नुसतं एकत्र झोपण्यातूनही येऊ शकते, त्यामुळे आरोप करायचा नाही पण विषय सोडूनही द्यायचा नाही. वॉर्डात चर्चा तर नकोच.

ढेकूण आणि पिसू

ढेकूण पाच मिलिमीटरच्या आसपास, चपटा, गादीच्या शिवणीतून काढा, चिरडू नका, अल्कोहोलमध्ये टाका. जुन्या वाड्यात, पडक्या इमारतीत वटवाघळं असतील तर तेही लिहा, कारण वटवाघळांवरचा ढेकूण हुबेहूब असतो, फरक मानेमागच्या केसांच्या लांबीचा, आणि तो असेल तर गादी जाळून काही होणार नाही, छत बघायला लागेल.

पिसू पकडणं त्रासाचं, उडी मारते. ओला कापूस किंवा स्पिरिटमध्ये बुडवलेला ब्रश तिच्यावर टेकवा, चिकटते. पिसू बाजूने चपटी असते, म्हणून मायक्रोस्कोपखाली ती आडवी पडते आणि डोक्याजवळ कंगव्यासारखे दात आहेत का ते दिसतं. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांना असतात, उंदरांच्या झेनोप्सिला चिओपिसला नसतात. घरात उंदीर मरून पडत असतील आणि त्याच सुमारास पिसवा चावायला लागल्या असतील, तर ते पहिल्या ओळीत लिहा, शेवटी नाही. बीडच्या मामला गावात 1994 मध्ये प्लेगचा संशय आला तेव्हा उंदीर आणि पिसवा याच गोष्टी बघितल्या गेल्या. जुनी गोष्ट आहे, मान्य, पण उंदीर पडणं आणि पिसवा एकत्र आल्या की आजही आरोग्य खात्याला सांगायचंच.

जखमेतल्या, नाकातल्या अळ्या

आपल्या वॉर्डात याला "किडे पडले" म्हणतात आणि बघणाऱ्यांना मळमळतं, म्हणून काढल्या की लगेच बादलीत, वर फिनाइल, विषय संपला. डायबेटीसवाल्याचा पाय, अंथरुणाला खिळलेली आजी, नाकाचा जुना पीनस, अशा केसेस. अळ्या कोणत्या माशीच्या आहेत याला किंमत आहे, कारण काही माशा फक्त सडलेलं मांस खातात आणि क्रायसोमिया बेझियानासारखी माशी जिवंत मांसात खोल जाते. ती असेल तर सायनसमध्ये, डोळ्याकडे, आणखी आत गेल्यात का हे सर्जनला शोधायला लागतं.

अळ्या पाठवायची पद्धत बाकी किड्यांपेक्षा वेगळी आहे, आणि हे फार लोकांना माहीत नाही. जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली की ती आक्रसते, काळी पडते आणि मागच्या टोकाचे श्वासाचे छिद्रपट्टे, ज्यावरून जात ओळखतात, ते दिसेनासे होतात. म्हणून,

1. अळ्या सलाइनमध्ये हलक्या हाताने धुवून घ्या, रक्त-पू निघाला पाहिजे.
2. पाणी गरम करा, उकळी फुटायच्या जरा आधीचं, 80 अंशांच्या आसपास. त्यात अळ्या अर्धा-एक मिनिट टाका. त्या लांब, ताठ आणि पांढऱ्याच राहतात.
3. मग 80 टक्के अल्कोहोलमध्ये.
4. सगळ्यात मोठ्या निवडा, दहा-बारा पुरे, पण वेगवेगळ्या दिसत असतील तर प्रत्येक प्रकारच्या. छोट्या अळ्यांवरून जात ओळखणं कठीण असतं.
5. लॅबने आधी सांगितलं असेल तर चार-पाच जिवंत वेगळ्या ठेवा, हवेशीर डबीत, ओलसर टिश्यूवर. लॅब त्यांना वाढवून माशी बनू देते आणि मोठी माशी ओळखणं सोपं.

नाकातल्या अळ्यांना टर्पेंटाइन घालून काढायची पद्धत ईएनटीत जुनी आहे. काढलेल्या अळ्यांना टर्पेंटाइनचा थर असेल तर सलाइनने धुवूनच मग पुढचं करा, नाहीतर डबीत तेलाचे थेंब फिरत राहतात. आणि टर्पेंटाइन वापरलं हे फॉर्मवर लिहा.

शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांच्या डोळ्यात अचानक काहीतरी उडाल्यासारखं होऊन डोळा लाल होतो आणि नेत्रतज्ज्ञाला पांढऱ्या बारीक अळ्या पळताना दिसतात, ती मेंढीच्या नाकातली माशी असते, एस्ट्रस ओव्हिस. अळी एखाद मिलिमीटरची, प्रकाशापासून पळते, म्हणून स्लिट लॅम्पखाली चिमट्याने पटकन उचलून थेट अल्कोहोलमध्ये घाला, इथे गरम पाण्याचा खटाटोप नको, एवढी लहान अळी हरवून जाईल.

आता शौचात किंवा लघवीत "अळ्या" आल्या असं पेशंट सांगतो तेव्हा पेशंटवर किंवा लॅबवर चिडायच्या आधी एक प्रश्न विचारा, सॅम्पल कुठून घेतलं. उघड्यावर पडलेल्या शौचावर माशी अंडी घालते आणि त्यातल्या अळ्या पेशंटच्या पोटातल्या नसतातच. बाथरूमच्या नालीतल्या छोट्या केसाळ माशीच्या अळ्या लघवीच्या भांड्यात पोहोचतात आणि पेशंट घाबरून येतो. पुन्हा सॅम्पल घ्या, स्वच्छ झाकणाच्या डबीत, थेट, जमिनीला किंवा कमोडला न लागता. परत आल्या तर मग गंभीरपणे बघू.

खरूज, म्हणजे माइट

खरजेचा माइट डोळ्यांनी दिसत नाही म्हटलं तरी चालेल, मादी 0.3 ते 0.4 मिलिमीटर. तो अंगावरून उचलून पाठवायचा नसतो, कातडी खरवडायची असते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कोपरावर, बेंबीभोवती, पुरुषांच्या गुप्तांगावर ताज्या, न खाजवलेल्या छोट्या वेड्यावाकड्या रेषा शोधा. तिथे तेलाचा एक थेंब (मिनरल ऑइल, लिक्विड पॅराफिन) लावा, 15 नंबरच्या ब्लेडने खरवडा, अगदी किंचित रक्त दिसेपर्यंत, आणि ते तेल थेट स्लाइडवर, वर कव्हरस्लिप. तेलात माइट जिवंत राहून हलतो, अंडी आणि विष्ठेचे गोळे तसेच राहतात. पोटॅश म्हणजे केओएच घातलं तर कातडी विरघळून दिसायला सोपं होतं पण माइट मरतो आणि विष्ठाही विरघळते, म्हणून पहिल्यांदा तेलच.

लक्षात ठेवा, साध्या खरजेच्या पेशंटच्या अख्ख्या अंगावर जेमतेम दहा-पंधरा मादी माइट असतात. म्हणजे तीन-चार जागा खरवडून काही मिळालं नाही तरी "खरूज नाही" असं आम्ही कधीच लिहीत नाही. घरात सगळे रात्री खाजवत असतील तर डॉक्टर उपचार करतीलच. उलट म्हाताऱ्या, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या पेशंटची जाड खपल्यांची खरूज असेल तर माइटची संख्या हजारांत-लाखांत जाते, एक खपली स्लाइडवर ठेवली की मायक्रोस्कोपमध्ये जत्रा. अशा पेशंटची खपली झाकणाच्या डबीत कोरडीच पाठवा, आणि पाठवताना "जाड खरजेचा संशय" लिहा म्हणजे आमचं माणूसही ग्लोव्हज घालेल.

कबुतरं आणि खिडकीतले माइट

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हा प्रकार बराच आहे आणि त्याचा गोंधळही. एसीच्या बाहेरच्या भागावर किंवा खिडकीच्या जाळीमागे कबुतराचं घरटं असतं, पिल्लं उडून जातात, घरटं रिकामं होतं, आणि त्यातले माइट उपाशी पडून घरात येतात आणि माणसांना चावतात. पेशंट म्हणतो काहीतरी बारीक अंगावर चालतं आणि चावतं, डॉक्टरला अंगावर काही सापडत नाही, कारण हे माइट माणसाच्या अंगावर राहतच नाहीत, चावून परत जातात. अशा पेशंटला "मनाचं आहे" म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलंय.

इथे सॅम्पल पेशंटचं नाही, खिडकीचं घ्यायचं. ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून खिडकीच्या चौकटीवर, घरट्याच्या खालच्या धुळीवर, पलंगाच्या त्या बाजूच्या कडेवर फिरवा जिथे पांढुरके किंवा रक्त पिऊन लालसर झालेले बारीक ठिपके चालताना दिसतात. ब्रश डबीतल्या अल्कोहोलमध्ये हलवून धुवा. मास्क लावा, कबुतरांची कोरडी विष्ठा उडवू नका, फुफ्फुसाला त्रास होतो. रिकामं घरटं काढताना आधी ओलं करा.

उंदरांवरचे माइटही असंच करतात, उंदीर मारले किंवा मेले की. म्हणजे पेस्ट कंट्रोल झाल्यावर चावे वाढले, हे वाक्य पेशंटकडून आलं की कान टवकारा.

काडेपेटीतलं सॅम्पल

आणि मग येतात ते पेशंट ज्यांनी काडेपेटीत, टिश्यूत, छोट्या पाऊचमध्ये "किडे" जपून आणलेले असतात, आणि आम्हाला बघताना दिसतात ते कातडीचे पापुद्रे, कपड्याचे धागे, खपल्या, केस. याला भ्रमाचा आजार म्हणतात, स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबोम या न्यूरॉलॉजिस्टने 1938 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. तरी सॅम्पल टाकून देऊ नका आणि हसू नका. नीट बघा, प्रत्येक गोष्ट, कारण कधीकधी त्या ढिगात खरोखरचा माइट असतो. नसेल तर रिपोर्टमध्ये सरळ लिहायचं, "कपड्याचे धागे व कातडीचे पापुद्रे आढळले, कीटक किंवा माइट आढळला नाही". "किडा नाही, पेशंट वेडा आहे" असं लिहायचं काम आमचं नाही. त्रास मात्र त्या माणसाला खरोखरचा होत असतो, खाज असते, झोप नसते, तो डॉक्टरकडे परत गेला पाहिजे. थायरॉइड, काविळीमुळे खाज, काही औषधं, नशा, ही कारणं आधी बघायची असतात.

लेबल, फॉर्म आणि पॅकिंग

लेबल पेन्सिलने, जाडसर कागदाच्या बारीक पट्टीवर, आणि ते डबीच्या आत, अल्कोहोलमध्ये. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते, दुसऱ्या दिवशी निळं पाणी आणि कोरा कागद मिळतो. बाहेरूनही एक लेबल लावा, त्यावर पेशंटचा नंबर. एका डबीत एकाच पेशंटचे, एकाच जागेचे किडे. दोन पेशंटच्या उवा एकत्र केल्या तर त्या वेगळ्या करता येत नाहीत.

फॉर्मवर काय लिहायचं ते सांगते, आणि हे भरायला पाच मिनिटं लागतात: अंगावर नेमकी कुठली जागा, कातडीत रुतला होता की नुसता चालत होता, कपड्यावर की अंथरुणात, काढला कधी आणि कशाने, काढायच्या आधी काही लावलं का (तेल, औषध, रॉकेल), पेशंटचं गाव-तालुका, गेल्या महिन्याभरात कुठे जाऊन आला, जंगल, गोठा, बाग, परदेश, घरात कुत्रं-मांजर-गुरं-कबुतरं-उंदीर, काम काय करतो, लक्षणं काय आणि कधीपासून. परदेशाहून आलेल्या पेशंटच्या बाबतीत देशाचं नाव गरजेचं असतं कारण दक्षिण अमेरिकेतली कातडीखालची अळी आणि आपल्या इथली अळी यांचा उपचार वेगळा.

डबी काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहिला की प्रवासात किडा आपटत राहतो आणि पाय तुटतात. झाकण घट्ट, त्यावर टेप. मग ती डबी कापसात गुंडाळून दुसऱ्या झिपच्या पिशवीत, ती पिशवी कडक खोक्यात, वर "अल्कोहोलमधील नमुना" असं लिहा. कुरिअरवाले ज्वलनशील म्हणून नाकारतात, आणि त्यांचं काही चुकतही नाही, म्हणून आधी विचारा, किंवा जमेल तर माणसाबरोबर पाठवा, एसटीच्या पार्सलवर भरवसा ठेवायचा तर तिथेही आधी बोलून घ्या. माशी, मुंगी, भुंगा असा मोठा कोरडा किडा असेल तर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून टिश्यूत हलकेच गुंडाळून डबीत चालतो. कापसात नको, पाय अडकतात.

पीसीआर, म्हणजे डीएनए टेस्ट, करायचं असेल तर किडा 95 टक्क्यांच्या वर इथेनॉलमध्ये किंवा फ्रीझरमध्ये कोरडा, आणि विषाणू शोधायचे असतील तर थंडीची साखळी लागते, पण ते लॅबने सांगितल्याशिवाय करू नका, जिवंत गोचिडी पोस्टाने पाठवायचा विचारही नको.

एक फोटो आधी पाठवा, खूप प्रश्न त्यातच सुटतात. पांढऱ्या कागदावर, शेजारी पट्टी किंवा आलेखाचा कागद ठेवून, मोबाइलने वरून, खालून आणि बाजूने. पेशंटचा चेहरा, नाव फ्रेममध्ये नको.

कुठे पाठवायचं

पहिलं दार म्हणजे जवळच्या मेडिकल कॉलेजचा मायक्रोबायॉलॉजी विभाग. गोचिडींसाठी मात्र माझा कल व्हेटर्नरी कॉलेजच्या पॅरासायटॉलॉजीकडे असतो, मुंबईत परळ, नागपूर, साताऱ्यात शिरवळ, कारण त्यांनी रोज गुरांच्या गोचिडी पाहिलेल्या असतात, आमच्यापेक्षा त्यांची नजर तयार आहे. कृषी विद्यापीठांचे कीटकशास्त्र विभाग, राहुरी, अकोला, परभणी, दापोली, भुंगे-माश्या यांत मदत करू शकतात. साथीचा, तापाचा प्रश्न असेल तर जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे, थेट नाही. पाठवण्याआधी सगळीकडे फोन करा, प्रत्येक ठिकाणी हे काम घेतातच असं नाही.

पोलीस केस असेल, बेवारस मृतदेह, दुर्लक्षित वृद्ध, मूल, तर अळ्या स्वतःच्या मनाने काढू नका, पोलीस आणि फॉरेन्सिकच्या पंचनाम्यात ते होऊ द्या, अळ्यांच्या वयावरून मृत्यू किंवा दुर्लक्ष कधीपासूनचं याचा अंदाज काढतात आणि ते कोर्टात टिकायला नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला याच्या नोंदींची साखळी लागते.

रिपोर्ट येईल तेव्हा त्यावर नाव, स्टेज, लिंग असं काहीतरी असेल, उदाहरणार्थ "ऱ्हिपिसेफालस सँग्विनियस, मादी, अंशतः रक्त प्यायलेली". याचा अर्थ कुत्र्यावरची गोचीड, आणि पेशंटच्या घरच्या कुत्र्याला आणि अंथरुणाला बघायला हवं, एवढाच. त्या गोचिडीत आजार होता की नाही हे या रिपोर्टमध्ये नसतं, ते वेगळी टेस्ट मागून बघायचं, आणि ती हवी असेल तर नमुना फेकायच्या आधी लॅबला सांगा. विचारलं नाही तर काही महिन्यांनी कपाट साफ करताना डबी टाकून दिली जाते.